स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

स्वतः पुस्तक काढणाऱ्या नव्या लेखकाचा पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकल्यामुळे. संपादन संपायच्या आधी मांडणी करून घेतली की प्रत्येक दुरुस्तीमागे पानं सरकतात आणि मांडणी करणारा पुन्हा पैसे मागतो. त्यात त्याची चूक नसते. पानसंख्या पक्की व्हायच्या आधी मुखपृष्ठ पूर्ण केलं की कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या पट्टीची, रुंदी चुकते. पुस्तक आल्यावर प्रसिद्धीला लागलं की नव्या पुस्तकाकडे लोकांचं लक्ष असण्याचे पहिले आठवडे हातचे जातात. म्हणून पुढची कामं इथे दिलेल्याच क्रमाने करा, फक्त प्रसिद्धीला प्रकाशनाच्या चार महिने आधीच लागा, आणि पहिल्या पुस्तकासाठी हस्तलिखित पूर्ण झाल्यापासून सहा ते आठ महिने हाताशी ठेवा.

१. संपादन: तीन वेगळी कामं

संपादन म्हणजे शुद्धलेखन तपासणं, असं समजून अनेक जण थेट मुद्रितशोधकाकडे जातात. पण त्याआधी दोन टप्पे असतात. पहिला रचनेचा. प्रकरणांचा क्रम, कुठे पाल्हाळ झाला आहे, कुठे दुवा तुटला आहे, शेवट पटतो का, हे यात पाहायचं. दुसरा वाक्यांचा, म्हणजे भाषा, पुनरुक्ती, तपशिलातली विसंगती. मुद्रितशोधन सगळ्यात शेवटी, आणि तेही मांडणी झालेल्या पानांवर.

रचनेच्या टप्प्यावर पाच ते आठ वाचक गाठा, शक्यतो घरचे नकोत. त्यांना 'कसं वाटलं?' असं विचारू नका. उत्तर 'छान' असंच येतं. त्याऐवजी विचारा: वाचताना पुस्तक खाली कुठे ठेवलंत? कोणतं पान वगळलंत? कोणत्या दोन पात्रांची गल्लत झाली? तीन जणांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे काम करावंच लागेल. उपाय मात्र तुमचा तुम्ही शोधा, कारण वाचकाला दुखणं नेमकं कळतं, औषध बहुधा चुकीचं सुचतं.

वाक्यांच्या टप्प्यावर एक निर्णयपत्रक करा. आकडे अक्षरी की अंकी, संवादाला एकेरी अवतरण की दुहेरी, 'असतं' की 'असते', पात्रांची नावं आणि नाती, परभाषेतली नावं कशी लिहायची, हे सगळं एका पानावर लिहून संपादकाला आणि पुढे मुद्रितशोधकाला द्या. हे पत्रक नसेल तर एकाने केलेली दुरुस्ती दुसरा उलटी फिरवतो.

मराठी मजकुरात संगणकावर एक खास घोटाळा होतो. 'ॲ' हे अक्षर एकच चिन्ह म्हणूनही टंकता येतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन पद्धतींनी उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. त्यामुळे शोधून बदलताना अर्ध्या जागा सुटतात आणि ई-पुस्तकात वाचकाला शब्द सापडत नाही. मांडणीला देण्याआधी सगळीकडे एकच रूप करून घ्या. दुहेरी मोकळ्या जागा, विरामचिन्हाआधी सुटलेली जागा आणि पूर्णविरामाऐवजी पडलेली उभी रेघ हेही याच फेरीत काढून टाका.

२. हक्क आणि परवानग्या

कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या देशांत लेखन कागदावर किंवा संगणकात उतरल्याक्षणी कॉपीराइट तुमचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नसते, पण वाद झाला तर नोंदणी पुरावा म्हणून कामी येते. जास्त लक्ष द्यायचं ते इतरांच्या हक्कांकडे. गाण्याच्या किंवा कवितेच्या दोन ओळी प्रकरणाच्या डोक्यावर टाकायच्या असतील तर लेखी परवानगी घ्या. छोट्या रचनेतल्या दोन ओळी हाही मोठा भाग ठरू शकतो. मुखपृष्ठावरचं छायाचित्र आणि फाँट या दोन्हींचा व्यावसायिक वापराचा परवाना तपासा, त्याची प्रत जपून ठेवा.

३. आयएसबीएन

आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक. तो १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी आहे आणि ९७८ किंवा ९७९ ने सुरू होतो. तो आपापल्या देशाच्या अधिकृत संस्थेकडून मिळतो. काही देशांत मोफत, काहींत विकत. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. चार चुका सुधारून पुन्हा छापलं तर जुना क्रमांक चालतो. मजकुरात मोठी भर घातली तर ती नवी आवृत्ती, तिला नवा क्रमांक.

काही प्रकाशन मंचांकडून क्रमांक फुकट मिळतो. तो घेतला तर प्रकाशक म्हणून तुमच्या संस्थेचं नाव लागत नाही आणि तो दुसरीकडे वापरता येत नाही. पुस्तक एकाच मंचावर राहणार असेल तर हरकत नाही. पुढे दुकानांत, ग्रंथालयांत न्यायचं असेल तर सुरुवातीपासून स्वतःचा घ्या. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशनाच्या मंचावर ई-पुस्तकाला आयएसबीएन लागत नाही, तिथे त्यांचा स्वतःचा १० अक्षरी ओळखक्रमांक मिळतो.

४. आतली पानं

आधी आकार ठरवा. कथा-कादंबरीला साडेपाच बाय साडेआठ इंच हा सोयीचा आकार. या आकारात १२-१३ पॉइंटच्या देवनागरी अक्षरात पानावर साधारण २५० शब्द बसतात. म्हणजे ५८,००० शब्दांची कादंबरी सुरुवातीची पानं धरून २४० पानांच्या आसपास जाते.

मांडणी युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांतच, करून घ्या, ही अट आधीच सांगा. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवलेलं पुस्तक कागदावर सुरेख दिसतं, पण ई-पुस्तक करायला गेलं की मजकूर निरर्थक अक्षरांचा होतो. परिवर्तक वापरला तर रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात आणि मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. इनडिझाइन हे मांडणीचं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवा. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, त्यांत ते या नोंदीमुळेच उमटतात. तिरो देवनागरी मराठी, मुक्त (Mukta), नोटो सेरिफ देवनागरी हे फाँट मुक्त परवान्याचे आहेत, पुस्तकात विनाशुल्क वापरता येतात.

समासात कंजुषी करू नका. बांधणीकडची बाजू गोंदात जाते, म्हणून पानं वाढली की आतला समासही वाढवावा लागतो. केडीपीची किमान मर्यादा १५० पानांपर्यंत ९.६ मिमी, ३०० पर्यंत १२.७ मिमी आणि ५०० पर्यंत १५.९ मिमी आहे. वाचताना पुस्तक जबरदस्तीने उघडावं लागू नये यासाठी याहून तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवा. मजकुराचा काळा रंग निव्वळ काळाच असू द्या. चार रंग मिसळून केलेला काळा छापताना जरा हलला की प्रत्येक अक्षराला सावली येते.

ऑफसेटवर, म्हणजे प्लेट करून एकदम अनेक प्रती, छापणार असाल तर पानसंख्या १६ च्या पटीत आणा. एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेल्या पानांना फर्मा म्हणतात. २४० पानं म्हणजे नेमके १५ फर्मे. २४२ झाली तर दोन पानांसाठी सोळावा फर्मा लागतो. अशा वेळी ओळींमधलं अंतर किंचित कमी करा किंवा कोरी पानं काढा. फर्मा आठ पानी की सोळा पानी, हे छापखान्याला आधी विचारून घ्या.

मांडणी झाली की मुद्रितशोधन, आणि ते कागदावर. पडद्यावर सुटणाऱ्या चुका कागदावर दिसतात. पानाच्या माथ्यावर परिच्छेदाची एकटी शेवटची ओळ, चुकीच्या प्रकरणाचं शीर्षक वाहणारा मथळा आणि अनुक्रमणिकेतले पानक्रमांक यांसाठी एक वेगळी फेरी करा, त्या फेरीत मजकूर वाचू नका.

५. मुखपृष्ठ

पुढचं चित्र आधी करून घेता येतं. पूर्ण आवरण, म्हणजे पुढचं पान, कणा आणि मलपृष्ठ मिळून होणारी एकसंध फाइल, मात्र पानसंख्या आणि कागद ठरल्यावरच.

कण्याचा हिशेब सोपा आहे. केडीपीवर पांढऱ्या कागदासाठी पानसंख्येला ०.०५७२ मिमीने गुणायचं, क्रीम कागदासाठी ०.०६३५ मिमीने. २४० पानांचा कणा पांढऱ्या कागदावर १३.७ मिमी, तर क्रीमवर १५.२ मिमी. आयत्या वेळी कागद बदललात तर दीड मिलिमीटर चुकतं, आणि कण्यावरचं नाव घडीवर चढायला तेवढं पुरतं. क्रीम कागदावर, साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिमी रुंदीच्या पुस्तकाला आवरण असं बसतं: दोन पानांचे २७९.४, कणा १५.२ आणि कापणीसाठी दोन्हीकडे ३.२ प्रमाणे ६.४, एकूण ३०१ मिमी. उंची २१५.९ अधिक ६.४. कापणीची ही जागा सोडली नाही तर कडेला पांढरी रेघ राहते. दुसऱ्या छापखान्यात जाणार असाल तर तिथल्या कागदाची जाडी विचारून हिशेब नव्याने करा. जुनी फाइल तशीच पाठवू नका.

चित्रं ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) हवीत आणि रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे. पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा पोपटी रंग छपाईत मळकट उतरतो, म्हणून रंगीत नमुना कागदावर पाहिल्याशिवाय मंजुरी देऊ नका. मलपृष्ठावर बारकोडसाठी साधारण २ बाय १.२ इंच जागा मोकळी ठेवा.

ई-पुस्तकाचं मुखपृष्ठ वेगळं काढा: २५६० पिक्सेल उंच, १६०० रुंद. ते नखाएवढं लहान करून मोबाइलवर पाहा. पुस्तकाचं नाव वाचता येतं का? प्रकार कळतो का? रहस्यकथा आठवणींच्या पुस्तकासारखी दिसत असेल तर चित्र कितीही देखणं असो, योग्य वाचक पुढे निघून जाईल.

६. ई-पुस्तकाची फाइल

ई-पुस्तक ईपब स्वरूपात करा. छपाईच्या पीडीएफचं थेट रूपांतर करू नका. त्यात ओळी मध्येच तुटतात आणि पानांचे क्रमांक मजकुरात घुसतात. मूळ मजकूर घेऊन शीर्षकांना शीर्षकाची शैली द्या म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. मग सिजिल किंवा कॅलिबरसारख्या मोफत साधनाने ईपब बांधा, त्यात भाषेचा संकेत मराठीचा द्या आणि ईपबचेक या मोफत तपासणीतून फाइल काढा. शेवटी मोबाइलवर अक्षर सगळ्यात मोठं करून चार प्रकरणं चाळा. चित्रं हलकी ठेवा. केडीपीवर ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय घेतला तर फाइलच्या वजनाप्रमाणे वितरणखर्च कापला जातो. ३५ टक्क्यांच्या पर्यायात तो नसतो.

७. कुठे आणि कसं विकायचं

छपाईचे दोन रस्ते आहेत. मागणीनुसार छपाईत साठा करावा लागत नाही, पण प्रत महाग पडते. ऑफसेटवर प्रत स्वस्त होते, मात्र पाचशे-हजार प्रती एकदम छापल्या तरच, आणि त्या घरी ठेवाव्या लागतात. हक्काचे खरेदीदार मोजून दाखवता येत नसतील तर पहिली छपाई मागणीनुसारच करा. नव्या लेखकाचं सगळ्यात मोठं नुकसान न विकलेल्या गठ्ठ्यांत होतं.

किंमत ठरवताना दुकानदार आणि वितरक मिळून ४० ते ५५ टक्के सवलत मागतात हे धरूनच चाला. ऑफसेटच्या पुस्तकाची किंमत एका प्रतीच्या छपाईखर्चाच्या चार-पाच पट असावी, हा धंद्यातला ठोकताळा याच कारणाने आहे. निम्मी रक्कम साखळीत जाते, पाव-पंचमांश छपाईत, आणि उरलेल्यातून संपादन, मुखपृष्ठ, टपाल, प्रसिद्धी भागवायची. केडीपीवरच्या छापील पुस्तकात किमतीच्या ५० किंवा ६० टक्के रकमेतून छपाईखर्च वजा होऊन उरतं ते तुमचं.

ई-पुस्तकात पहिला निर्णय एकाच मंचाला बांधून घेण्याचा आहे. केडीपी सिलेक्ट या योजनेत नाव घातलं तर ९० दिवस ते ई-पुस्तक दुसऱ्या कुठल्याही दुकानात ठेवता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. मोबदल्यात किंडल अनलिमिटेड या ॲमेझॉनच्या वर्गणीच्या वाचनयोजनेतल्या सभासदांनी वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. मुदत आपोआप वाढते, म्हणून बाहेर पडायचं असेल तर आपोआप मुदतवाढीची खूण काढायला विसरू नका. हे बंधन नको असेल तर कोबो, ॲपल बुक्स, गूगल प्ले यांच्याकडे थेट जाता येतं किंवा ड्राफ्ट२डिजिटलसारख्या मध्यस्थामार्फत एकाच फाइलने अनेक दुकानांत पोहोचता येतं.

खातं उघडताना कायदेशीर नाव बँकेतल्या आणि करविषयक कागदांतल्या नावाशी तंतोतंत जुळू द्या. टोपणनाव फक्त पुस्तकावर. अमेरिकेबाहेरच्या लेखकाने करप्रश्नावली नीट भरली नाही, तर तिथल्या विक्रीच्या रॉयल्टीतून ३० टक्के कापले जाऊ शकतात. अमेरिकेशी करविषयक करार असलेल्या देशांतल्या लेखकांना हा दर कमी लागू शकतो.

'निम्मा खर्च तुमचा, निम्मा आमचा' म्हणणाऱ्या कंपन्यांच्या करारात चार गोष्टी शोधा. हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या स्वरूपांचे जातात? मांडणीच्या मूळ फाइली कुणाच्या? ठराविक प्रती तुम्हीच विकत घ्यायची अट आहे का? करार मोडायची वाट कोणती? पैसे तुम्ही भरत असाल तर हक्क आणि फाइली तुमच्याकडेच राहिल्या पाहिजेत. यावर तडजोड करू नका.

८. पुस्तकाची माहिती

दुकानात पुस्तक सापडतं ते या माहितीवरून, आणि नेमकी हीच रात्री घाईत भरली जाते. केडीपीवर तीन वर्ग आणि शोधशब्दांच्या सात चौकटी मिळतात. चौकटीत शीर्षकातले शब्द पुन्हा भरू नका. वाचक शोधताना जे टंकतो ते लिहा. 'कादंबरी' याने काहीच साधत नाही. 'गावातली रहस्यकथा', 'आई-मुलीच्या नात्यावरची कादंबरी' यांनी साधतं. मराठी पुस्तक शोधणारे बरेच जण रोमन अक्षरांतही टंकतात, म्हणून एक-दोन चौकटी तशा रूपांना द्या. छापील आवृत्ती प्रकाशित झाली की नाव, लेखक आणि आयएसबीएन बदलता येत नाहीत. तिन्ही दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

परिचयाला ४००० अक्षरांची जागा असते, पण दीडशे-दोनशे शब्द पुरेत. पहिल्या दोन ओळींनंतर 'आणखी वाचा' येतं, त्यामुळे सगळा भार त्या दोन ओळींवर. 'ही कादंबरी मानवी नात्यांचा गुंतागुंतीचा पट उलगडते' हे वाक्य हजार पुस्तकांना लागू पडतं आणि म्हणून एकालाही विकत नाही. त्याजागी असं पाहा: 'वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात सुनंदाला एका घराची किल्ली सापडते. ते घर कुणाचं हे आईला माहीत आहे. ती सांगत नाही.' इथे माणूस आहे, वस्तू आहे आणि उत्तर न मिळालेला प्रश्न आहे. माहितीपर पुस्तक असेल तर वाचकाची अडचण आणि पुस्तक संपल्यावर त्याला काय करता येईल, हे पहिल्या दोन ओळींत सांगा.

९. प्रसिद्धी: प्रकाशनाच्या चार महिने आधीपासून

पहिलं काम वाचकांची ईमेल यादी. समाजमाध्यमावर तुमची पोस्ट कुणाला दिसेल हे मंच ठरवतो. यादी तुमची असते. पहिलं प्रकरण किंवा एखादी स्वतंत्र कथा मोफत द्या आणि त्याबदल्यात पत्ता मागा. परवानगीशिवाय कुणाचंही नाव घालू नका, प्रत्येक पत्रात यादीतून बाहेर पडायचा दुवा ठेवा. ओळखीचे सगळे पत्ते एकदम भरले तर पत्रं स्पॅममध्ये जाऊ लागतात आणि मग खऱ्या वाचकालाही ती दिसत नाहीत.

दोन महिने आधी परीक्षणासाठी प्रती पाठवा. प्रत घेणारे सगळे लिहीत नाहीत, म्हणून हव्या असलेल्या परीक्षणांच्या दुप्पट-तिप्पट लोकांना द्या. मोफत प्रत देणं नियमात बसतं. चांगलंच लिहा अशी अट घालणं, पैसे देणं, लेखकांनी आपसात परीक्षणांची देवाणघेवाण करणं, घरच्यांकडून लिहून घेणं हे ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाही. अशी परीक्षणं काढली जातात, कधी खातंही बंद होतं.

पूर्वनोंदणी लावणार असाल तर फाइल आधी पूर्ण करा आणि मगच तारीख जाहीर करा. केडीपीवर अंतिम फाइल प्रकाशनाच्या किमान ७२ तास आधी चढवावी लागते. तारीख हुकली तर वर्षभर पूर्वनोंदणीची सोय बंद होऊ शकते.

प्रकाशनाच्या आठवड्यात यादीला दोन पत्रं पाठवा: पहिल्या दिवशी खरेदीचा थेट दुवा, चार-पाच दिवसांनी वाचकांच्या प्रतिक्रियांसह आठवण. समाजमाध्यमांपैकी एकच निवडा, जिथे तुमचे वाचक खरोखर असतात. मुखपृष्ठाचं चित्र रोज टाकत राहिलं की लोक ते बघणं सोडतात. पुस्तकातला अर्ध्या पानाचा उतारा किंवा विषयातली एखादी उपयोगी माहिती जास्त लांब जाते.

जाहिरात मात्र पंधरा-वीस परीक्षणं आल्यावर. क्लिकमागे पैसे घेणाऱ्या जाहिरातीत बोली किती लावायची, याचा हिशेब असा: एका प्रतीमागे तुमच्या हाती ६० पडतात आणि बारा क्लिकमागे एक विक्री होते असं धरलं, तर एका क्लिकला जास्तीत जास्त ५ देता येतात. तेवढे दिले तर नफा शून्य, म्हणून बोली ३ च्या आसपास ठेवा. शंभरेक क्लिक होईपर्यंत निष्कर्ष काढू नका. क्लिक येतात पण विक्री होत नसेल, तर दोष परिचयात, किमतीत किंवा नमुना प्रकरणात शोधा. जाहिरात दिसते पण क्लिकच नसेल, तर मुखपृष्ठ किंवा निवडलेले शोधशब्द चुकले आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे थांबा.

१०. प्रकाशनानंतर

चुका कळतील. त्या एका यादीत साठवा आणि तीन महिन्यांनी एकदम दुरुस्त करा. छपाई आणि ई-पुस्तक या दोन्ही फाइलींत, नाहीतर दोन आवृत्त्या वेगळ्या होतात. अनेक देशांत राष्ट्रीय ग्रंथालयाला ठराविक प्रती देणं कायद्याने बंधनकारक आहे, ते पहिल्याच महिन्यात उरका. मांडणीची मूळ फाइल, वापरलेले फाँट, आवरणाची थरांसकट फाइल आणि परवान्यांच्या प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मांडणी करणारा उपलब्ध नसला तरी काम तिथूनच पुढे नेता येतं.

केडीपीचे पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी जमा होतात. जाहिरातीचा खर्च मात्र त्याआधीच कापला जातो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांची जाहिरातीची रक्कम सुरुवातीलाच वेगळी काढून ठेवा.